टाळू कशी जुळते? गर्भातील जनुके आणि पेशींचे संदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे विद्यार्थी, दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांचे पालक आणि दंतवैद्यकाचा अभ्यास करणारी मुले यांच्याकडून वरचेवर येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टाळू म्हणजे नेमके काय? बाळाला न्हाऊ घालताना तेलाने भरतात ती टाळू आणि ही टाळू एकच का?

नाही. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्याने हा गोंधळ होतो. तेलाने भरतात ती टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली, पुढे आपोआप बुजणारी मऊ जागा. येथे आपण तोंडाच्या छताविषयी बोलत आहोत. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवून हळूहळू मागे न्या. आधी एक छोटा उंचवटा लागेल, मग आडव्या खरखरीत वळ्या, मग गुळगुळीत कठीण भाग, मग मऊ भाग आणि सर्वांत शेवटी पडजीभ. या सगळ्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक बारीक रेघही जाणवेल. गर्भात उजवी आणि डावी अशी दोन बाजू एकमेकींना जिथे भेटल्या, त्या भेटीची ती खूण आहे.

पुढच्या चार दातांमागचा लहान त्रिकोणी तुकडा वेगळा तयार होतो. त्याला प्राथमिक टाळू म्हणतात. उरलेली जवळजवळ सगळी टाळू दुय्यम होय, आणि या पानावरील बहुतेक उत्तरे तिच्याबद्दल आहेत.

२. गर्भात टाळू कधी तयार होते?

माणसात गर्भधारणेनंतरच्या सहाव्या आठवड्यात वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक मांसल फळी बाहेर येऊ लागते. या फळ्या सुरुवातीला आडव्या नसतात. त्या जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत वाढतात, कारण त्या वेळी जीभ तोंडाची सगळी पोकळी व्यापून बसलेली असते. सातव्या-आठव्या आठवड्यात फळ्या उचलल्या जाऊन जिभेच्या वर आडव्या होतात, मग मध्यभागी एकमेकींना टेकतात, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पडजिभेसकट जुळणी पूर्ण होते. उंदरात हाच सगळा प्रवास गर्भाच्या साधारण साडेअकराव्या दिवसापासून सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत आटोपतो. प्रयोगशाळांनी उंदीर निवडण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

एक सावधगिरी बाळगावी. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि गर्भविज्ञानाची पुस्तके गर्भधारणेपासून. दोहोंत सुमारे दोन आठवड्यांचा फरक पडतो. या पानावर, जिथे वेगळे म्हटलेले नाही तिथे, गर्भधारणेपासूनचे आठवडे धरले आहेत.

३. या फळ्या कोणत्या पेशींपासून बनतात?

फळीचा आतला भराव मुख्यतः न्यूरल क्रेस्ट पेशींचा असतो. भावी मेंदूची नळी मिटत असताना तिच्या काठावरून या पेशी सुटतात आणि बरेच अंतर कापून चेहऱ्याच्या जागी येऊन वसतात. चेहऱ्याची बहुतेक हाडे आणि कूर्चा त्यांच्यापासूनच होतात. फळीवरचे आवरण मात्र तोंडाच्या त्वचेसारख्या थराचे असते. आवरण आणि भराव, या दोन थरांची नावे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी हकिगत त्यांच्यातील संभाषणाची आहे.

या पेशींचा प्रवास समजला तो पक्ष्यांच्या गर्भांवरील प्रयोगांतून. निकोल ल दुआरँ या फ्रेंच संशोधिकेच्या लक्षात आले की लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या केंद्रकापासून वेगळे ओळखू येते. त्यामुळे लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवून त्या कुठे जातात हे पाहता आले. पुढे लावा आणि बदक यांच्यात न्यूरल क्रेस्टची अदलाबदल केल्यावर बदकाच्या गर्भाला लाव्यासारखी आखूड चोच आली आणि लाव्याला बदकासारखी. चेहऱ्याच्या आकाराची बरीचशी माहिती या पेशी स्वतःबरोबर घेऊन येतात, असा याचा अर्थ. त्या येऊन पोहोचल्याच नाहीत किंवा संख्येने कमी पडल्या, तर टाळूला पुढे काही घडवायलाच उरत नाही.

४. “टाळूचे जनुक” कोणते आहे?

असे एक जनुक नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यामागचे चित्रच बदलावे असे मला मनापासून वाटते. जनुकात टाळूचा नकाशा नसतो. जनुकापासून प्रथिन बनते. काही प्रथिने पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशीला निरोप देतात, काही तो निरोप घेतात, आणि काही केंद्रकात बसून दुसरी जनुके चालू-बंद करतात. निरोप वेळेवर गेला, योग्य ठिकाणी ऐकला गेला आणि त्याचे उत्तर परत आले, की फळी वाढते.

सॉनिक हेजहॉग या प्रथिनाचे उदाहरण घेऊ. ते फळीच्या आवरणात तयार होते, पण त्याचा निरोप घेतो आतला भराव. उलट एफजीएफ-१० हे प्रथिन भरावात बनते, आणि त्याचा ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणारे प्रथिन, आवरणात असतो. एफजीएफ-१० मुळे आवरणातील सॉनिक हेजहॉग टिकून राहते, आणि सॉनिक हेजहॉगमुळे भरावातील पेशी विभागत राहतात. उंदरात एफजीएफ-१० किंवा त्याचा ग्राहक यांपैकी कोणतेही एक काढून टाकले तरी दोन्ही थरांतली वाढ मंदावते आणि टाळू उघडी राहते. दोष एका थरात असतो, पण परिणाम दोन्हींवर होतो.

याच संभाषणात आणखी एक साखळी आहे. भरावातील एमएसएक्स-१ हे जनुक बीएमपी-४ या निरोपाला चालू ठेवते. एमएसएक्स-१ नसलेल्या उंदरांची टाळू दुभंगलेली असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा उंदरांच्या फळ्यांत बीएमपी-४ कृत्रिम रीतीने पुन्हा सुरू केले, आणि एमएसएक्स-१ नसतानाही टाळू जुळली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण हरवलेले जनुक परत न देताही नुसता त्याचा निरोप परत दिल्याने काम झाले. माणसातही हे जनुक संबंधित असल्याचे २००० मध्ये एका डच कुटुंबात दिसले होते. त्या कुटुंबात काहींना जन्मतः दात कमी होते आणि काहींना दुभंग होता. दात आणि टाळू एकाच निरोपांवर वाढतात, हे त्यातून कळते.

५. टाळूवरच्या आडव्या वळ्या ठरावीक अंतरावरच का येतात?

१९५२ मध्ये ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने मांडले होते की एकमेकांवर परिणाम करणारे आणि वेगवेगळ्या वेगाने पसरणारे दोन पदार्थ असले, तर एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप पट्टे उमटू शकतात. त्यांतला एक चालना देणारा असतो आणि दुसरा रोखणारा. उंदराच्या टाळूत वळी उठण्याआधीच सॉनिक हेजहॉगचे पट्टे दिसतात. २०१२ च्या एका अभ्यासात असे दाखवले गेले की येथे एफजीएफ गटाचे निरोप चालना देतात आणि सॉनिक हेजहॉग रोखतो. त्या अभ्यासात एक वळी कापून काढल्यावर शेजारी नवे पट्टे फाटे फुटलेले आले. वळ्यांचा क्रम आधीपासून छापलेला असता तर असे झाले नसते. पट्टे जागच्या जागी, परस्परांच्या अंतरावरून ठरत असतात.

६. टाळूचा पुढचा आणि मागचा भाग सारख्याच जनुकांवर वाढतो का?

नाही. एमएसएक्स-१ आणि शॉक्स-२ पुढच्या भागात काम करतात, तर मेओक्स-२, बार्क्स-१ आणि टीबीएक्स-२२ मागच्या भागात. म्हणून शॉक्स-२ नसलेल्या उंदरात दुभंग फक्त पुढच्या भागात राहतो आणि मागची टाळू जुळलेली असते. माणसात टीबीएक्स-२२ मधील दोषाने टाळू दुभंगते आणि बहुधा जिभेखालचा पडदाही आखूड राहतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांमध्ये त्याचा परिणाम अधिक दिसतो.

७. खाली लोंबणाऱ्या फळ्या आडव्या कशा होतात? जीभ आड येत नाही का?

येते, आणि टाळूच्या घडणीतला सर्वांत नाजूक क्षण हाच आहे. तेराव्या-चौदाव्या दिवशीच्या उंदराच्या गर्भाचे डोके आडवे छेदून भिंगाखाली ठेवले, तर मधे फुगीर जीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाली झुकलेल्या दोन फळ्या दिसतात. दुसऱ्या दिवशीच्या गर्भात जीभ खाली बसलेली असते आणि फळ्या तिच्या डोक्यावर आडव्या आलेल्या असतात. मधली अवस्था क्वचितच हाती लागते, इतक्या झपाट्याने हा बदल होतो.

हे घडवणारी कारणे एकापेक्षा जास्त आहेत. भरावात हायलुरोनन नावाचा पदार्थ साठतो. तो पाणी धरून ठेवतो आणि फळीला आतून ताठ करतो. तो बनवणारे एचएएस-२ हे जनुक काढून टाकले, तर टाळू दुभंगते. ओएसआर-२ आणि पॅक्स-९ ही जनुके भरावाची वाढ आणि आकार सांभाळतात. पुढच्या भागात फळी दार फिरावे तशी वर फिरते, तर मागच्या भागात ती आतल्या बाजूने फुगून नवा आकार घेते. याच सुमारास खालचा जबडा पुढे वाढून जिभेला खाली सरकायला जागा करून देतो.

त्यामुळे काही वेळा फळ्यांत काहीच दोष नसतो आणि तरीही टाळू दुभंगते. अमेरिकेच्या पश्चिम भागात ल्युपिन नावाची रानटी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या काही वासरांची टाळू दुभंगलेली आणि पाय वाकडे असतात. त्या वनस्पतीतील विषाने गर्भाची हालचालच मंदावते, जीभ जागची हलत नाही, आणि फळ्या उचलण्याची वेळ निघून जाते. खालचा जबडा फार लहान राहिलेल्या बाळांमध्येही असेच होऊ शकते. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

८. फळ्या एकमेकींना टेकल्यावर मधला सांधा नाहीसा कसा होतो?

टेकलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या आवरणांची मिळून एक शिवण तयार होते. ती शिवण नाहीशी झाल्याशिवाय दोन्हीकडचा भराव एक होत नाही. काही पेशी मरतात, काही शिवणीतून सरकून वर-खाली बाहेर पडतात, आणि पेशींच्या आतल्या आकुंचनाने शिवण तुटत जाते. आवरणाच्या पेशी रूप बदलून भरावात मिसळतात, असे एकेकाळी ठामपणे शिकवले जात असे. आता त्या मार्गाला फारसे महत्त्व दिले जात नाही.

या टप्प्याचा मुख्य निरोप टीजीएफ-बीटा-३ हा आहे. तो फळीच्या मधल्या कडेच्या आवरणात, टेकण्याच्या आधीच, सुरू होतो. १९९५ मध्ये दोन गटांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या फळ्या वाढल्या, उचलल्या गेल्या, एकमेकींना भिडल्या, पण चिकटल्या नाहीत. नवजात उंदराची त्वचा इतकी पातळ असते की पोटातले दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. या पिलांच्या पोटात तो ठिपका नव्हता. टाळू उघडी असल्याने त्यांना दूध ओढता येत नव्हते, आणि ती दिवसभरात दगावली.

९. कडा इतक्या चिकट असतील, तर फळी जिभेलाच का चिकटत नाही?

कारण आवरणावर पेरिडर्म नावाचा चपट्या पेशींचा एक पातळ, तात्पुरता थर असतो. तो असेपर्यंत शेजारचे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटत नाहीत. फक्त मधल्या कडेवर, योग्य वेळी, तो बाजूला होतो. आयआरएफ-६ हे जनुक नसलेल्या उंदरात हा थर नीट बनत नाही आणि फळ्या जिभेला चिकटून बसतात. जॅग-२ हा निरोप नसला तरी असेच होते. म्हणजे दुभंग हा नेहमी चिकटण्यात कमी पडल्यानेच होतो असे नाही, तर नको तिथे चिकटल्यानेही होतो.

माणसात आयआरएफ-६ च्या दोषाने व्हॅन डर वूड सिंड्रोम होतो, म्हणजे ओठाच्या किंवा टाळूच्या दुभंगाबरोबर खालच्या ओठावर खळगे असणारा आनुवंशिक आजार, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. त्या शोधाचा एक धागा जुळ्यांच्या एका जोडीत होता. दोघे एकाच फलित पेशीपासून झालेले, पण एकाला सिंड्रोम होता आणि दुसऱ्याला नव्हता. दोघांची जनुके ताडून पाहिली तेव्हा आयआरएफ-६ मधला दोष फक्त बाधित भावंडात सापडला.

१०. कोंबडी, मगर, मासा यांची टाळू कशी असते?

कोंबडीचे डोके हाती आले तर चोच उघडून वरच्या बाजूला पाहा. मधोमध एक लांब चीर दिसेल, आणि तिच्यातून वर नाकाची पोकळी. पक्ष्यांमध्ये ही चीर हा दोष नाही, ती त्यांची नेहमीची रचना आहे. त्यांच्या फळ्या सुरुवातीपासून आडव्या वाढतात आणि जवळ येऊनही जुळत नाहीत. कोंबडीच्या फळीच्या कडेवर टीजीएफ-बीटा-३ नसतो. १९९८ मध्ये तो बाहेरून दिल्यावर कोंबडीच्या गर्भातून काढलेल्या फळ्या प्रयोगशाळेत जुळल्या. जुळण्याची क्षमता होतीच, निरोप नव्हता.

मगरीची टाळू सस्तन प्राण्यांसारखी पूर्ण जुळते आणि घशाशी एक मांसल पडदाही असतो, त्यामुळे तोंडात पाणी असतानाही तिला नाकाने श्वास घेता येतो. माशांना आपल्यासारखी दुय्यम टाळू नसते. पण झेब्राफिशच्या तोंडाच्या छताशी असलेली कूर्चेची पट्टीही न्यूरल क्रेस्टपासूनच बनते, म्हणून मानवी जनुकांतील बदलांचा परिणाम प्रथम तिच्यावर तपासला जातो.

११. दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू हा एकच आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. ओठ आणि प्राथमिक टाळू आधी जुळतात, दुय्यम टाळू नंतर. ओठ न जुळल्यास चेहऱ्याची रुंदी बदलते आणि मागाहून येणाऱ्या फळ्यांनाही एकमेकींपर्यंत पोहोचणे अवघड जाते, म्हणून ओठाबरोबर टाळूही दुभंगलेली आढळते. फक्त टाळू दुभंगलेली असणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची आनुवंशिक कारणेही बहुतांशी वेगळी आहेत. ओठाचा दुभंग मुलग्यांत जास्त आढळतो, तर एकट्या टाळूचा मुलींत. मुलींच्या गर्भात फळ्या सुमारे आठवडाभर उशिरा आडव्या होतात, त्यामुळे धोक्याचा काळ लांबतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. व्हॅन डर वूड सिंड्रोममध्ये (प्रश्न ९) एकाच घरात एकाचा ओठ दुभंगलेला आणि दुसऱ्याची फक्त टाळू दुभंगलेली असू शकते. एका घरात दोन्ही प्रकार दिसले, तर प्रथम याच सिंड्रोमची शंका घ्यावी.

१२. आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग आमच्या बाळाला कसे? पुढच्या बाळाला होईल का?

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठाचा किंवा टाळूचा दुभंग असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणालाही तो नसतो. फळ्यांची वाढ, उचलणे आणि जुळणे यांवर अनेक जनुकांचे लहान-लहान परिणाम होत असतात. ते सगळे मिळून उशीर एका मर्यादेपलीकडे गेला, की टाळू उघडी राहते. आई-वडील दोघेही त्या मर्यादेच्या अलीकडे असतात, म्हणून त्यांच्यात काही दिसत नाही.

अशा वेळी पुढच्या बाळाला दुभंग असण्याची शक्यता शंभरात साधारण २ ते ५ इतकी असते. सिंड्रोम असल्यास हिशेब बदलतो. व्हॅन डर वूडमध्ये बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आई-वडिलांनी एकदा आरशासमोर उभे राहून खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत का आणि पडजीभ दुभागलेली आहे का हे पाहावे, आणि आढळल्यास ते आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांना सांगावे. नात्यातल्या लग्नाबद्दलही विचारले जाते. मामाच्या किंवा आत्याच्या अपत्याशी लग्न झाल्याने दोन्हीकडून एकच दोष मिळून होणारे आजार वाढतात. बहुतेक दुभंग त्या प्रकारचे नसतात, पण तज्ज्ञांना हे नाते सांगितलेच पाहिजे.

१३. ग्रहणात गरोदर बाईने विळी किंवा सुरी हातात घेतली म्हणून असे होते का? औषधांमुळे होते का?

ग्रहणामुळे होत नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. टाळूची जुळणी बाराव्या आठवड्यापर्यंत संपलेली असते. पाचव्या किंवा सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेली टाळू उघडत नाही, आणि आधीच्या आठवड्यांतही विळीचा निरोप गर्भाच्या पेशींपर्यंत पोहोचवणारी कोणतीही वाट नाही. तरीही अनेक आया वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात. बाळाला भेटायला येणाऱ्यांनी तरी हा विषय काढू नये.

काही औषधांचा धोका मात्र खरा आहे. मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, आणि फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन व टोपिरामेट यांनी धोका वाढतो. धूम्रपानानेही तो वाढतो. फिट्सचे औषध स्वतःहून बंद करणे आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते, त्यामुळे गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. मज्जारज्जूच्या दोषांसाठी फॉलिक ॲसिडचा उपयोग सिद्ध आहे, म्हणून ते घ्यावेच. दुभंगाबाबत पुरावे एकसारखे नाहीत.

एकच औषध सर्वांवर सारखे का चालत नाही, हे उंदरांनी १९५० च्या दशकातच दाखवले होते. कॉर्टिझोन दिल्यावर एका वाणाच्या उंदरांची जवळजवळ सगळी पिले दुभंगलेल्या टाळूची जन्मली, तर दुसऱ्या वाणात त्यांचे प्रमाण पुष्कळच कमी होते. पहिल्या वाणाच्या फळ्या मुळातच उशिरा उचलल्या जात, त्यामुळे थोड्याशा उशिरानेही त्यांची वेळ निघून जाई.

१४. जनुकांची तपासणी केली, दोष सापडला नाही. मग कारण जनुकीय नाही असे समजायचे का?

नाही. बहुतेक तपासण्या प्रथिन बनवणारा भाग वाचतात. जनुक कुठे आणि केव्हा चालू व्हावे हे ठरवणारा भाग त्यापासून फार दूर असू शकतो. पिएर रॉबिन स्थितीत खालचा जबडा लहान, जीभ मागे आणि टाळू इंग्रजी यू आकारात उघडी असते. अशा काही कुटुंबांत सॉक्स-९ हे जनुक पूर्णपणे धड असते, पण त्याच्यापासून डीएनएची दहा लाखांहून अधिक अक्षरे दूर असलेला नियंत्रक भाग तुटलेला सापडतो. जबड्याच्या कूर्चेत सॉक्स-९ पुरेसे चालू होत नाही, जबडा वाढत नाही, जीभ खाली जात नाही, आणि पुढचे सगळे प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे घडते.

सहज नजरेतून सुटणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्वचेआड लपलेला दुभंग. यात वरचे आवरण जुळलेले असते, पण आतले स्नायू मधोमध जुळलेले नसतात. पडजीभ दुभागलेली, मऊ टाळूवर निळसर पट्टा आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला खाच, या त्याच्या खुणा आहेत. बऱ्याचदा तो मूल बोलू लागल्यावरच लक्षात येतो, कारण हवा नाकातून निसटते आणि “बाबा” म्हणताना “मामा”सारखे ऐकू येते. त्यासोबत हृदयाचा जन्मजात दोष असेल, तर बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाला आहे का, हे तपासावे.

१५. गर्भातच औषध देऊन टाळू जुळवता येईल का?

उंदरात एकदा तरी हे साधले आहे. पॅक्स-९ नसलेल्या उंदरांत डब्ल्यूएनटी हा निरोप क्षीण होतो. २०१७ मध्ये गाभण उंदरांना तो निरोप वाढवणारी औषधे दिल्यावर अनेक पिलांची टाळू जुळली, पण त्याच पिलांतील इतर अवयवांचे दोष तसेच राहिले.

माणसात मुख्य अडचण वेळेची आहे. सोनोग्राफीत ओठाचा दुभंग साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या तपासणीत दिसतो (हे आठवडे पाळीपासूनचे), आणि एकट्या टाळूचा तर पुष्कळदा तेव्हाही दिसत नाही. तोपर्यंत फळ्यांची भेट होऊन किंवा चुकून दोन महिने उलटलेले असतात. शिवाय सॉनिक हेजहॉग किंवा बीएमपी यांसारखे निरोप त्याच दिवसांत हृदय, मेंदू आणि हातपायही घडवत असतात, त्यामुळे त्यांत बाहेरून ढवळाढवळ करणे धोक्याचे आहे. म्हणून आज दुभंग सापडल्यास बाळाच्या दूध पिण्याची व्यवस्था आधीच ठरवणे, कानांची तपासणी चुकू न देणे, साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात टाळूची शस्त्रक्रिया करणे आणि त्यानंतर वाचा-उपचार घेणे हाच मार्ग आहे.